सहावी पंगत

चार मापं गहू बाई, एक माप गं हरभरा,
माप चुकता चुकता पाव्हणा आला दारा.
पाव्हणा आला दारा, माप वाढवा सारखं,
एकट्याला वाढवाल, पीठ होईल पारखं.

ग्वाल्हेरशेजारच्या मुरारमधल्या दोन खोल्यांच्या घरात सुधामावशीचा हा आवाज जात्याच्या घरघरीतून निघायचा आणि सात वर्षांच्या अनसूयेच्या गोधडीत शिरायचा. मावशीला अक्षरओळख नव्हती. सही म्हणून ती अंगठा द्यायची, तोही पिठाचा. पण गहू दुप्पट तर हरभराही दुप्पट, गहू दीडपट तर हरभराही दीडपट, हे तिनं भाचीच्या कानात असं दळून ठेवलं होतं, की पुढे शाळेत मास्तरांनी फळ्यावर ‘गुणोत्तर व प्रमाण’ असं ठसठशीत लिहिलं, तेव्हा अनसूयेला नवलच वाटलं. एवढ्याशा गोष्टीला एवढं लांबलचक नाव कशाला? ग्वाल्हेरच्या किरकोळ सरदाराला असतं तसं.

त्या गोष्टीला आता तीस वर्षं झाली होती. सरदार अजून किरकोळच होते, नावंही तेवढीच लांब होती, फक्त त्यांच्यामागचं संस्थान उरलं नव्हतं. विलीनीकरण झालं, मध्यभारत नावाचं राज्य आलं, आणि ग्वाल्हेर-इंदूर या दोन सवतींनी राजधानी वाटून घेतली. साडेसहा महिने इथे, साडेपाच महिने तिथे. अनसूयाबाईंनी तेव्हा पाचवीच्या मुलींना हेच गुणोत्तर घातलं होतं. उत्तर तेरास अकरा. मुलींना ते चटकन आलं. सरकारला ते सोडवायला आठ वर्षं लागली, आणि तेवढ्यात पुनर्रचना होऊन भोपाळनं दोघींच्या हातावर शून्य ठेवलं आणि सगळी बेरीज आपल्या घरी नेली.

नवं राज्य चार तुकडे जोडून शिवलेलं होतं. गोधडीला ते शोभतं. पण कचेरीतल्या कोणाच्या तरी मनात आलं, की चारही तुकड्यांतले शिक्षक एका मापाचे असावेत. त्यासाठी अंकगणिताचा एकच पेपर, सगळ्या राज्यात एकाच दिवशी, एकाच घंटेला. पद्धतही अगदी नवी. पन्नास प्रश्न, प्रत्येकाखाली चार उत्तरं छापलेली, त्यातल्या खऱ्यावर खूण करायची. म्हणजे सरकारनं आपल्या खर्चानं दीडशे खोटी उत्तरं छापून घेतली होती आणि ती ओळखण्याचं काम मास्तरांवर सोपवलं होतं.

अनसूयाबाई ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मुलींच्या शाळेत नऊ वर्षं शिकवत होत्या आणि नऊ वर्षं कच्च्या होत्या. कच्च्या म्हणजे हंगामी. त्यांचं प्रमाणपत्र ज्या संस्थानाचं होतं ते संस्थानच राहिलं नाही, तर प्रमाणपत्र कशाचं प्रमाण देणार, असा कचेरीचा बिनतोड मुद्दा होता. या पेपरात पास झालं तर पक्की नोकरी; नाही तर तीस जूनला घरी. आणि घर म्हणजे खासगी बाजार नावाच्या पेठेतलं, थोरल्या दिरांचं. नवरा लक्ष्मीकांत जाऊन चौदा वर्षं झाली होती. मुलगी पद्मा कॉलेजात जायची वाट बघत होती. घरात पगार म्हणून जो येत होता, तो अनसूयेचाच.

थोरले दीर माधवराव मुळ्ये हे संस्थानच्या शिक्षणखात्यात हेडक्लार्क होते. अक्षर असं, की मोत्यांनी येऊन धडा घ्यावा. पंचेचाळीस साली वरून हुकूम आला, की मिडल इयत्तांसाठी अंकगणिताचं पुस्तक तयार करा. माधवरावांनी तो हुकूम शिळ्या भाजीसारखा घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला. म्हणाले, अनसूया, तुला ती त्रैराशिकं-बिराशिकं सुचतात ना, जरा बघ. अनसूयेनं सहा महिने दुपारच्या दुपारी बघितलं. दोनशे अकरा गणितं तयार झाली. माधवरावांनी ती शुद्ध हिंदीत उतरवली, मोत्यांच्या ओळी लावल्या, आणि पुस्तक छापून आलं तेव्हा वर नाव होतं माधवराव मुळ्ये यांचं. खात्यानं त्यांना शाल दिली. गावानं ‘गणिती’ ही पदवी दिली, ती फुकटच होती.

तेव्हापासून इंदरगंजातून, बाड्यावरून, कुठून कुठून लोक अडलेली गणितं घेऊन यायचे. माधवराव डोळे मिटून ऐकायचे, मान हलवायचे आणि पाणी प्यायला आत जायचे. पाणी पिऊन आले की उत्तर तयार. गणिती माधवरावांना तहान फार, असं गावात कौतुकानं बोललं जाई.

यातला एक शब्दही अनसूया कधी बाहेर बोलली नव्हती. छप्पर त्यांचं, गणितं तिची. हा सौदा कोणी तोंडानं ठरवला नव्हता, म्हणूनच तो मोडायचाही कसा, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

एप्रिलात पेपर झाला. सतराव्या प्रश्नाशी अनसूयाबाई थबकल्या. ‘एका समारंभाला १२० पाहुणे आहेत. एका पंगतीत जास्तीत जास्त २४ पानं मांडता येतात. समारंभ पार पडायला कमीत कमी किती पंगती लागतील?’ खाली चार, पाच, सहा, सात. हे तर त्यांचंच लेकरू. बारा वर्षांपूर्वी पोळ्या लाटता लाटता सुचलेलं, आता सरकारी गणवेश घालून समोर उभं होतं. त्यांना हसू आलं. पर्यवेक्षकानं हसण्याचं कारण विचारलं, कारण नव्या पद्धतीत हसण्याची तरतूद नव्हती. त्यांनी सहावर खूण केली आणि पुढे गेल्या.

महिन्याभरानं निकाल आला, आणि लष्कर-मुरारच्या अकरा शिक्षिकांचा निकाल रोखून धरलेला होता. नोटिशीत म्हटलं होतं, की चौथीतल्या पोरालाही यावा असा सतरावा प्रश्न अकराही जणींनी चुकवला आहे, आणि एकसारखाच चुकवला आहे, तेव्हा एकमेकींचं बघून नकल झाली हे उघड आहे. सगळ्यात संशयास्पद त्या अनसूयाबाई. पन्नासांतले एकोणपन्नास बरोबर, आणि चुकला तो नेमका सगळ्यात सोपा. एवढी हुशार बाई चोरच असणार.

त्या अकरांतल्याच एक, मुरारच्या सुमनताई, त्याच संध्याकाळी नोटीस घेऊन आल्या. फौजेतलं घराणं, आजोबांची तलवार भिंतीवर टांगलेली, तिची धार सुमनताईंच्या जिभेवर उतरलेली. बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, “माझ्या उजव्या हाताला भिंत होती, अनसूयाबाई, आणि डाव्या हाताला भिंडचे एक मास्तर. त्यांनी पाच लिहिलं, मी डोळ्यांनी बघितलं. नकल करायची असती तर पाचच नसतं का लिहिलं?”

उपाय सोपा होता. अकरा जणींनी मिळून माधवरावांचं पुस्तक कचेरीत नेऊन दाखवलं. गणित क्रमांक सत्तेचाळीस, शब्दन् शब्द तोच, आणि मागे उत्तरांच्या पानावर स्वच्छ छापलेलं, सहा. इथल्या शाळांत बारा वर्षं हेच शिकवलं जातंय, नकल कसली? कचेरीत त्यानं थोडी पळापळ झाली, कारण पेपर काढणाऱ्या साहेबांनी सतरावा प्रश्न या पुस्तकातूनच उचलला होता. त्यांची प्रत फायलींबरोबर बैलगाडी, रेल्वे आणि तीन कचेऱ्या हिंडून भोपाळला पोहोचली होती आणि वाटेत तिची शेवटची पानं कुठेतरी गळाली होती. साहेबांनी मग आपलं डोकं वापरून उत्तर काढलं: एकशे वीस भागिले चोवीस, पाच.

नकलेचा आरोप मागे घेतला गेला. त्याच्या जागी नवा आला. चुकीचं उत्तर बारा वर्षं शिकवत राहिल्या आणि एकीच्याही लक्षात आलं नाही, अशा शिक्षिका राज्याच्या काय कामाच्या? नकल असती तर ते एका दिवसाचं पाप होतं. हे तर एक तप चाललेलं. तरी न्याय म्हणून कचेरीनं लेखकाला पत्र पाठवून विचारलं, की सहा हे उत्तर हेतुपूर्वक दिलं आहे काय.

पत्र माधवरावांच्या नावानं आलं. त्यांनी ते एकट्यानं वाचलं, एकट्यानं उत्तर लिहिलं, इंदरगंजात जाऊन स्वतःच्या हातानं टपालात टाकलं, आणि चार दिवसांनी चहाच्या वेळी मोठ्या प्रसन्नपणे घरात जाहीर केलं. “मी स्पष्ट कळवलंय, मुद्रणदोष. छापखान्याची चूक. लेखकाकडे बोट दाखवायला जागाच ठेवली नाही.”

अनसूयेच्या हातातली किटली तशीच राहिली. पद्मा मात्र अजून बोलणं गिळायला शिकली नव्हती. ती म्हणाली, “काका, तुम्ही कमालच केली. आईची नोकरी चली जाएगी, समजतंय का तुम्हाला? तुमचं बोट वाचलं, बस.”

माधवरावांनी आधी तिच्या हिंदीबद्दल नापसंती दाखवली. मग हळूहळू, कप खाली ठेवता ठेवता, बाकीचं त्यांच्या ध्यानात आलं. मुद्रणदोष नाही तर काय, असं त्यांनी विचारलं. बारा वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं.

“भाऊजी,” अनसूया म्हणाली, “पद्माच्या बारशाला आपल्याकडे किती पानं झाली?”

“शंभराच्या वर. चार पंगती उठल्या. मी स्वतः आग्रह करत फिरत होतो.”

“आणि मी कधी जेवले?”

माधवराव विचारात पडले. बाळंतीण ती, तिचं पान आत नेलं असेल, असं काहीतरी म्हणाले. बरं, मग वन्सं कधी जेवल्या, स्वयंपाकाच्या कुसुमताई कधी जेवल्या? ते त्यांना सांगता येईना. जेवल्या असतीलच, उपाशी थोड्याच राहिल्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

“चार पंगती उठल्यावर पाचवी बसली, भाऊजी. वाढणाऱ्यांची. ती बसल्याशिवाय समारंभ पार पडला असं कसं म्हणायचं? पुस्तकात पाहुण्यांच्या पाच, वर ही एक. त्या एकशे वीसांत वाढणारी बाई नाही. मग ती एक असो नाही तर चोवीस, पंगत वाढतेच. पाचांहून कमी चालणार नाही हे साहेबांना बरोबर कळलं. पाचही पुरत नाहीत, हे कळायला पदर खोचायला लागतो.”

लष्करच्या बायकांना यात शिकवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. पुस्तकात सहा बघून एकीनंही कधी शंका काढली नाही. मुलांच्या शाळांतल्या मास्तरांनी तेवढी ती छापखान्याची चूक म्हणून पेनानं सुधारून घेतली होती.

आठवड्यानं कळलं, की पेपर काढणारे साहेबच, दौलतसिंह, रविवारी सकाळी घरी येऊन लेखकाची अखेरची जबानी घेणार. मुद्रणदोषावर सही झाली, की अकरा जणींची तीस जून नक्की. तेव्हा शनिवारभर माधवरावांची तयारी चालली. सहावी पंगत हा माझाच विचार, पत्र घाईत लिहिलं, असं म्हणायचं. अनसूयेनंच ते सुचवलं, कारण त्यात त्यांची शाल शाबूत राहत होती आणि तिची नोकरीही. सुमनताई परीक्षक म्हणून बसल्या. माधवराव दोनदा पहिली पंगत वाढणाऱ्यांची म्हणाले, एकदा पाहुणेच चोवीस म्हणाले. शेवटी पाठ झालं. सुमनताई उठताना म्हणाल्या, की फौजेत घोड्यालाही याहून लवकर कवायत येते, पण घोडा माघार घेत नाही, एवढं लक्षात असू द्या.

दौलतसिंह साहेब महाकोशलातले, नागपुरात शिकलेले. मराठी पूर्ण कळायची, बोलायचे हिंदीत. उंच, सावकाश बोलणारा माणूस, आणि गणितावर खरोखरीचा जीव. झोपाळ्याशेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी माधवरावांच्या पुस्तकाची अशी तारीफ केली, की आत पोहे परतणाऱ्या अनसूयेचा झारा थांबला. म्हणाले, दुसऱ्या पुस्तकांतली गणितं फळ्यावर जन्मतात, तुमची चुलीजवळ जन्मलेली दिसतात. माधवरावांनी मान झुकवून ते स्वीकारलं. सवयीचं होतं.

मग पाठ केलेलं सगळं त्यांनी म्हणून दाखवलं, आपल्या दरबारी हिंदीत, एकही पंगत न चुकवता. दौलतसिंह ऐकता ऐकता पुढे वाकले. कपाळाला हात लावून म्हणाले, “वाह. मेरी माँ भी आख़िर में ही खाती थीं. यह मुझे क्यों नहीं सूझा?” आत दाराआड पद्मानं आईचा हात दाबला.

पण तो माणूस कचेरीतला असला तरी गणिताचा होता, आणि गणितात दोन उत्तरं आली की तो पुढे जात नसे. त्यांनी खिशातून माधवरावांचं पत्र काढलं. मोत्यांसारखं अक्षर, मुद्रणदोष. त्यांनी विनयानं विचारलं, की पत्रात चूक, आज हेतू. यातलं मी फायलीवर काय लिहू? एक चुकीचं लिहिलं तर अकरा जणींवर अन्याय, दुसरं चुकीचं लिहिलं तर राज्यावर. राज्याचं त्यांना फारसं वाटत नसावं असं त्यांच्या आवाजावरून वाटलं. तरी विचारलं खरं.

माधवरावांनी घाईचं कारण सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, पुस्तक उघडलं, एका पानावर अंगठा ठेवून उत्तर झाकलं, आणि हसून पुढे केलं. रागावू नका, म्हणाले, लेखकाच्या तोंडून एक गणित ऐकायचं भाग्य एवढंच मागतो, मग फाईल बंद.

‘पुरणात डाळ आणि गूळ यांचं प्रमाण चारास तीन आहे. गूळ साडेसात वाट्या घेतला, तर डाळ किती?’

माधवरावांनी डोळे मिटले. मान हलवली. मग ते पाणी प्यायला उठले.

साहेबांनी आपल्या शेजारचा तांब्या उचलला आणि भांडं भरून अदबीनं त्यांच्या हातात दिलं.

माधवरावांना एवढं पाणी पिताना घरात कोणी पाहिलं नव्हतं. भांडं संपलं. ते पुन्हा झोपाळ्यावर बसले. अनसूयेच्या ओठांवर दहा हा आकडा येऊन बसला होता. मोठ्यानं बोललं तर नोकरी राहील, न राहील, कोण जाणे. पण भाऊजींचं सगळं आयुष्य त्या एका आकड्यानं खोटं पडेल. आणि तिनं सांगितलं तरी साहेबांनी का मानावं? जिची नोकरी टांगली आहे, ती काहीही म्हणेल. तिनं झारा खाली ठेवला आणि ती दारात येऊन उभी राहिली, तोंड मिटून.

“चारात आणि तीनात एकाचा फरक,” माधवराव पुटपुटले. “म्हणजे साडेसातात एक मिळवला… साडेआठ.”

दौलतसिंहांनी अंगठा काढला नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते चौथीतल्या वर्गावरून फिरताना येतं तसं होतं. दया म्हणावी इतकं मऊ आणि म्हणूनच सोसायला कठीण. त्यांनी पुस्तक मिटलं, कागद काढला, पेनचं टोपण उघडलं. मुद्रणदोष, एवढा एक शब्द लिहायचा होता आणि खाली माधवरावांची सही.

त्यांनी कागद पुढे सरकवला.

माधवरावांनी पेन हातात घेतलं. हे काम त्यांना येत होतं. जन्मभर त्यांनी उत्तम सही केली होती. पेनचं टोक कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा लहानसा ठिपका पसरायला लागला. त्यांनी वर बघितलं, दारात उभ्या अनसूयेकडे. तिनं मान खाली घातली, त्यांना अवघड होऊ नये म्हणून.

मग माधवरावांनी पेन खाली ठेवलं. दरबारी हिंदी सोडून ते आपल्या घरच्या मराठीत बोलायला लागले.

“साहेब, सहा बरोबर आहे. मला ते कळलं गेल्या आठवड्यात, हिनं सांगितलं तेव्हा. पत्र मी लिहिलं ते काही न कळता लिहिलं.” त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. “पुस्तकातलं अक्षर माझं आहे. गणितं हिची. दोनशे अकराच्या दोनशे अकरा. त्यातलं एकही मला सोडवता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. डाळ किती, ते तिला विचारा.”